गुडघा नवा झाला, पण झोप कुठे गेली?

गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झाली की घरातले सगळे हिशेब ठेवू लागतात. आज गुडघा किती अंशात वाकला, वॉकर घेऊन किती पावलं टाकली, टाके कधी काढायचे. रात्री झोप लागते का, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. विचारलंच तर आई म्हणते, "लागली की थोडी." हे 'थोडी' म्हणजे कित्येकदा दीड-दोन तास असतात, तेही तुकड्या-तुकड्यांत.

बंगळुरूत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी घरांमध्ये हे चित्र ओळखीचं आहे. सोलापूर, सांगली, बेळगाव, पुण्याहून आई किंवा बाबा मुलाकडे येतात. ऑपरेशन इथेच करायचं, दोन-तीन महिने इथेच राहायचं असं ठरतं. घर परकं नसतं, पण पलंग आपला नसतो, बाथरूमची दिशा अंगवळणी पडलेली नसते आणि "मुलांना सकाळी ऑफिस असतं" या विचाराने रात्री हाक मारायचा संकोच असतो. त्यामुळे ठणका सोसत छताकडे बघत पडून राहणं, किंवा अंधारात एकटंच उठणं, यांतलं काहीतरी होतं. दुसरं जास्त धोक्याचं.

आपल्याकडे ही शस्त्रक्रिया घराघरांत पोचली त्यात अटलबिहारी वाजपेयींचा वाटा मोठा. पंतप्रधान असताना ऑक्टोबर 2000 मध्ये त्यांचा डावा आणि जून 2001 मध्ये उजवा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला गेला. शस्त्रक्रियेसाठी डॉ. चित्तरंजन राणावत न्यूयॉर्कहून आले होते. तोवर "आता या वयात गुडघ्याला हात कशाला लावायचा?" म्हणणारे लोकही विचार करू लागले. पुढे ऑगस्ट 2017 मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची किंमत 54,720 रुपये, जीएसटी वेगळा, अशी ठरली आणि मध्यमवर्गीय घरांना थोडा धीर आला. चालणारे पेशंट सगळ्यांनी पाहिले. त्यांच्या रात्री मात्र घरच्यांनाच ठाऊक.

म्हणून पहिली गोष्ट आधीच सांगून ठेवायला हवी: या शस्त्रक्रियेनंतर झोप बिघडते, आणि ते बहुतेकांच्या बाबतीत होतं. ऑपरेशन फसल्याचं ते लक्षण नाही. पहिली रात्र भुलीच्या आणि नसेभोवती दिलेल्या इंजेक्शनच्या जोरावर बरी जाते. "मला तर काहीच दुखत नाही," असं सांगणारा माणूस दुसऱ्या-तिसऱ्या रात्री कळवळतो, तेव्हा घरचे घाबरतात. पण त्या इंजेक्शनचा असर उतरलेला असतो, एवढंच. पहिले सहा आठवडे साधारण सर्वांत कठीण जातात. त्यानंतर झोपेचा सलग तुकडा हळूहळू लांबत जातो आणि तीन महिन्यांच्या सुमारास बऱ्याच जणांची झोप रुळावर येते.

रात्रीच जास्त का दुखतं? दिवसभर पाय खाली सोडून बसल्याने सूज उतरत नाही. रात्री पाय एकाच जागी राहिला की सांधा आखडतो. सूज आवरणारं कॉर्टिसॉल हे शरीरातलं संप्रेरक रात्रीच्या पहिल्या भागात सर्वांत कमी असतं. शिवाय दिवसा पाहुणे, फोन, टीव्ही असतात. रात्री सगळं शांत झालं की उरतो तो फक्त गुडघा. ट्रॅमाडॉलसारख्या तीव्र वेदनाशामकांनी गुंगी येते, पण गाढ झोपेचं चक्र विस्कटू शकतं. त्यामुळे "गोळी घेऊनही झोप झाल्यासारखी वाटत नाही" ही तक्रार खोटी नसते.

आता उशीबद्दल. या सगळ्या प्रकरणात सर्वांत प्रेमाने केली जाणारी चूक हीच आहे. आईचा पाय दुखतोय म्हणून मुलगी किंवा सून गुडघ्याखाली मऊ उशी सरकवते. गुडघा थोडा वाकतो, ताण कमी होतो, आईला लगेच बरं वाटतं. पण तासन् तास, रोज रात्री गुडघा असा वाकलेला राहिला, तर मांडीच्या मागचे स्नायू आणि सांध्याभोवतीचा भाग त्याच स्थितीत आखडू लागतो. मग पाय पूर्ण सरळ होत नाही. पाच-दहा अंशांचा बाक राहिला तरी चालताना लंगडल्यासारखं होतं आणि मांडी लवकर दमते. गुडघा वाकायला हवा याची सगळ्यांना काळजी असते. तो पूर्ण सरळ व्हायला हवा, हे तेवढंच महत्त्वाचं असूनही विसरलं जातं.

मग आधार द्यायचा कुठे? पोटरीच्या खालच्या भागापासून घोट्यापर्यंत. आपल्या घरातली जुनी गोधडी यासाठी बाजारातल्या उशीपेक्षा उत्तम. तिची घट्ट, रुंद घडी करा, पोटरीच्या खालच्या भागाखाली ठेवा, म्हणजे गुडघा मोकळा आणि सरळ राहतो. पायाची बोटं छताकडे हवीत. पाय बाहेरच्या बाजूला कलंडत असेल तर बाहेरून टॉवेलची गुंडाळी लावा. टाच घडीच्या टोकाबाहेर अधांतरी राहू द्या. पेशंटला मधुमेह असेल तर हे विशेष पाळा, कारण टाचेवर रात्रभर दाब पडून फोड किंवा जखम झाली तर ती भरून यायला गुडघ्यापेक्षा जास्त वेळ घेते. फिजिओथेरपिस्ट दिवसा थोडा वेळ फक्त टाचेखाली गुंडाळी ठेवायला सांगतात, तो व्यायाम असतो. तो रात्रभर करायचा नाही.

ज्यांना आयुष्यभर कुशीवर झोपायची सवय आहे, त्यांना उताणं झोपणं म्हणजे शिक्षाच. सर्जनने परवानगी दिली की (बहुधा काही आठवड्यांनी) ऑपरेशन न झालेल्या कुशीवर वळता येतं. त्या वेळी दोन्ही पायांमध्ये जाड उशी किंवा दिवाणावरचा लोड घ्या. तो गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पुरला पाहिजे, नाहीतर पाऊल खाली लोंबतं आणि गुडघ्याला पीळ बसतो. दोन्ही गुडघे एकदम बदलले असतील तर कुठलीही कूस नव्या गुडघ्यावरच येते, तेव्हा थोडा जास्त धीर धरावा लागतो. पालथं झोपायची घाई नको.

पलंगाची उंचीही बघा. जमिनीवर गादी घालून झोपणाऱ्यांनी निदान काही महिने ती सवय बाजूला ठेवावी. काठावर बसल्यावर पावलं जमिनीला पूर्ण टेकावीत आणि कंबर गुडघ्यापेक्षा किंचित वर असावी, एवढा पलंग उंच हवा. खड्डा पडलेली कापसाची गादी असेल तर ती पिंजून घ्या किंवा बदला. मच्छरदाणी लावत असाल तर उतरायच्या बाजूने ती गादीखाली खोचू नका. रात्री घाईने उठताना पाय त्यात अडकतो.

औषधांच्या बाबतीत एक साधी गोष्ट फार उपयोगी पडते. दुखणं शिगेला पोचल्यावर गोळी घेण्यापेक्षा डॉक्टरांनी दिलेल्या वेळांतली एक वेळ झोपण्याआधी अर्धा-पाऊण तास येईल, अशी आखणी त्यांच्याकडूनच करून घ्या. रात्री अकराला अमेरिकेच्या कॉलवर बसणारा मुलगा घरात असेल, तर शेवटच्या डोसची जबाबदारी त्याची! वेळा कागदावर लिहून फ्रिजवर लावा, म्हणजे दोघांनी दोनदा गोळी दिली असं होणार नाही. सर्दी झाली म्हणून घरातली गोळी द्याल, तर तिच्यातही बहुधा पॅरासिटामॉल असतं, ते ध्यानात असू द्या. आणि शेजारच्या काकूंची झोपेची गोळी कधीही नको. तीव्र वेदनाशामकाबरोबर अल्प्राझोलामसारखं औषध गेलं तर श्वास मंदावू शकतो, आणि पहाटे झोपेच्या भरात तोल जातो तो वेगळाच. आई आधीपासून अशी गोळी घेत असेल तर ते ऑपरेशनपूर्वीच डॉक्टरांना सांगायला हवं. पुष्कळ जणी सांगत नाहीत.

मालिशबद्दल वाईटपणा पत्करून लिहावं लागतंय. रात्री सासूबाईंचे पाय चेपून देणं ही आपल्याकडे माया दाखवायची रीत आहे, आणि शेक तर प्रत्येक दुखण्यावरचा पहिला उपाय. पण सुरुवातीच्या आठवड्यांत गरम पाण्याच्या पिशवीने सूज वाढते. जखमेच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधीर असते, त्यामुळे भाजलं तरी कळत नाही. पोटरी जोरात रगडणं तर नकोच. या शस्त्रक्रियेनंतर पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याची शक्यता असते, आणि रगडण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. माया दाखवायचीच असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटं धरून बसा. झोपायच्या आधी हे केलं तर ठणका उतरतो. मालिश करायचीच असेल तर खांद्यांना आणि पाठीला करा.

बर्फ काढून झाला की पावलं वर-खाली करण्याचा व्यायाम झोपल्या-झोपल्या दहा-वीस वेळा. मधे जाग आली तरी हाच व्यायाम. रक्ताभिसरण चालू राहतं आणि आखडलेपण थोडं सुटतं.

दिवस कसा जातो यावर रात्र पुष्कळ अवलंबून असते. कंटाळा, अशक्तपणा आणि औषधांची गुंगी यांमुळे दुपारी तीन तास झोप होते आणि मग रात्री बाराला डोळे टक्क उघडे. वामकुक्षी जरूर घ्या, पण अर्ध्या तासाची, आणि तूर्तास उताणीच! सकाळी बाल्कनीत उन्हात बसा. चालणं आणि मुख्य व्यायाम संध्याकाळी उशिरापर्यंत ढकलू नका. बंगळुरूत आल्यावर फिल्टर कॉफीचा मोह कुणाला होत नाही? पण कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायला सुमारे पाच तास लागतात. पाचच्या कॉफीतलं निम्मं कॅफिन दहाला अंगातच असतं. कॉफी दुपारच्या जेवणापर्यंत उरकलेली बरी. वेदनाशामकांनी पोट साफ होत नाही, आणि गच्च पोटाने झोप लागत नाही. भाज्या, ताक, भिजवलेल्या मनुका, पुरेसं पाणी हे सगळं दिवसा. रात्री आठनंतर पाणी घोट-घोट. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर ती सकाळी घेता येईल का, हे विचारून घ्या.

कारण रात्रीचा खरा धोका आहे पलंग ते बाथरूम या दहा पावलांत. या वाटेवरची पायपुसणी उचला. मंद दिवा रात्रभर चालू ठेवा. वॉकर हात लांबवला की लागेल असा, उतरायच्या बाजूला. बाथरूमची फरशी रात्री पुसून कोरडी करा. अपार्टमेंटच्या बाथरूमला दारात उंचवटा असतो, तिथे रंगीत पट्टी चिकटवा. हाक मारायला संकोच वाटत असेल तर उशाशी देवघरातली घंटा ठेवा. फोन शोधण्यापेक्षा ती सोपी, आणि आवाज शेजारच्या ब्लॉकपर्यंत जातो! पहिले काही दिवस एक जण त्याच खोलीत झोपलेला उत्तम. हे लाडासाठी नाही. टाके ताजे असताना पडणं म्हणजे पुन्हा ऑपरेशन टेबल होऊ शकतं.

रात्रपाळीची आया ठेवली असेल आणि आईला कन्नड येत नसेल, तर चार शब्द कागदावर देवनागरीत लिहून द्या. 'नोवु' म्हणजे दुखणं, 'नीरु' म्हणजे पाणी, 'निधान' म्हणजे हळू. "निद्दे बंता?" असं सकाळी तिने विचारलं तर ती "झोप लागली का?" असं विचारते आहे. निद्दे आणि निद्रा, फार लांब नाहीत. वेदना परक्या भाषेत सांगता न येणं हेही माणसाला जागं ठेवतं.

काही रात्री मात्र थांबायचं नसतं. एका पोटरीत अचानक दुखणं, सूज किंवा लाली वाढली, तर सकाळची वाट न बघता रुग्णालयात फोन करा. छातीत दुखलं, दम लागला, खोकल्यातून रक्त आलं तर 108 ला फोन करून थेट इमर्जन्सीत जा. थंडी वाजून ताप, जखमेतून पू किंवा वाढता स्राव, पाऊल थंड पडणं किंवा न हलणं, यांकडेही "बघू उद्या" म्हणून दुर्लक्ष नको. गुडघा गरम लागणं आणि थोडी सूज काही महिने राहू शकते, त्याने घाबरू नका. पण कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढू लागलं तर दाखवून घ्या. आणि तीन महिन्यांनंतरही झोप येत नसेल, मन उदास राहत असेल किंवा घोरताना श्वास अडकत असेल, तर दोष गुडघ्याचाच असेल असं नाही. त्यासाठी फिजिशियनकडे जायला हवं.

आईला गावी परतायची ओढ लागतेच. बंगळुरूहून निघणारी उद्यान एक्स्प्रेस रात्रभर धावून सोलापूर-पुण्याकडे नेते. पण लांबच्या प्रवासाला सर्जन हो म्हणेपर्यंत तिकीट काढू नका, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचे दिवस पुरे झालेत का, तेही विचारा. खालचाच बर्थ घ्या, शक्यतो स्वच्छतागृहाजवळ. दिवे मालवण्याआधी डब्यात एकदा चालून घ्या, मग पोटरीखाली गोधडीची घडी. वॉकर बर्थला बांधून ठेवा, आणि सोबत आलेल्याने वरच्या बर्थवर नव्हे, समोरच्या खालच्या बर्थवर झोपावं.