आमिष पुरेसे नाही

२८ मे १९९९ रोजी कारगिलच्या तोलोलिंगजवळ हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने पाडले. फसव्या ज्वाळा सोडण्याची सोय त्यावर नव्हती. या ज्वाळा इंजिनाची उष्णता हेरणाऱ्या अस्त्राला चकवतात. पण नवी अस्त्रे ज्वाळा आणि इंजिन यांतला फरक ओळखतात. पुण्याच्या एचईएमआरएल या संरक्षण प्रयोगशाळेच्या सहकार्याने २०२१मध्ये विकसित झालेले चाफ हे दुसरे आमिष रडारला फसवते, उष्णताशोधकाला नाही. म्हणून संथ, अवजड मालवाहू विमानांना क्षेपणास्त्राचा डोळा लेसरने दिपवणारी यंत्रणा हवी. ती महाग आहे, हा आक्षेप रास्त आहे: २०१९मध्ये अमेरिकेने भारताच्या अतिविशेष व्यक्तींसाठीच्या दोन विमानांकरता मंजूर केलेल्या अशा संचांची अंदाजे किंमत १९ कोटी डॉलर होती. तरीही शंभरावर जवान नेणाऱ्या विमानाच्या बाबतीत हा खर्च उधळपट्टी ठरत नाही.