फायलीचा प्रवास

श्रोतेहो, अशी कल्पना करा. परीक्षा संपली. गुरुजींनी रात्री जागून निकालपत्रक संगणकावर उतरवले, दूरच्या मोठ्या संगणकावर धाडले आणि पसारा नको म्हणून मूळ प्रत पुसून टाकली. सकाळी पाहतात तो तिकडे अर्धेच पोचलेले! मध्येच वीज गेली होती. साऱ्या मेहनतीवर पाणी पडले. आपले असे होऊ नये म्हणून फाइल पाठवण्याची रीत आज समजून घेऊ या.

जो संगणक रात्रंदिवस चालू राहून अनेकांच्या फायली सांभाळतो, त्याला सर्व्हर म्हणतात. गावचे सामायिक कोठारच म्हणा ना! तिकडे फाइल पाठवणे म्हणजे अपलोड, तिकडून आणणे म्हणजे डाउनलोड. पण एक भेद आहे. पोते कोठारात नेले की घरची जागा रिकामी होते. फायलीची मात्र नक्कल जाते, मूळ घरीच राहते. ते आपण पुसले तरच जाते.

या देवघेवीची एक जुनी रीत म्हणजे एफटीपी. तिचा पहिला आराखडा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. कानपूरच्या आय. आय. टी.त शिकून ते अमेरिकेतील एम. आय. टी.त गेले होते. या रीतीत दोन वाटा असतात. एकीवरून निरोप जातात : ‘मी अमुक, माझा परवलीचा शब्द हा, ही फाइल घ्या.’ दुसरीवरून प्रत्यक्ष फाइल जाते.

आता तुम्ही म्हणाल, यात धोका तो कोणता? धोका असा की, साध्या एफटीपीत परवलीचा शब्द पोस्टकार्डावरच्या मजकुरासारखा उघडा जातो. वाटेत कोणी टपून बसला, तर त्याला तो वाचता येतो. क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनी २०२१ साली एफटीपीची सोय काढून टाकली. म्हणून एसएफटीपी वापरावे. नाव सारखे वाटले तरी ही रीत निराळी आहे. हिच्यात परवलीचा शब्द आणि फाइल दोन्ही जणू मोहोरबंद लखोट्यातून जातात.

पाठवताना फायलीच्या नावात इयत्ता आणि वर्ष घाला. नाही तर त्याच नावाच्या जुन्या फायलीवर नवी बसते आणि जुनी हातची जाते. छायाचित्र ‘टेक्स्ट’ पद्धतीने पाठवू नका. त्या पद्धतीत ओळींच्या शेवटच्या खुणा बदलल्या जातात आणि चित्र बिघडू शकते. त्यासाठी ‘बायनरी’ पद्धत निवडा.

फाइल गेली, की लगेच उठू नका. दोन्हीकडचा आकार ताडून पाहा. मग तिकडची प्रत वेगळ्या नावाने परत उतरवून घ्या आणि उघडून पहिली व शेवटची ओळ वाचा. आणि एवढे करूनही मूळ प्रत जपूनच ठेवा. बियाणे कोणी एकाच कणगीत ठेवते का?