चकाकतं ते सारं तापलेलं नसतं

भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये डोकावलात, तर सीएनसी मशीनच्या डोक्यावर लाल, पिवळा, हिरवा असा तीनमजली दिवा दिसेल. हिरवा म्हणजे काम चालू, लाल म्हणजे मशीन अडलं. हा टॉवर लॅम्प. हल्ली त्याच्या आत एलईडी असतात. पण एलईडी उजळतो कसा, याबद्दल बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : विजेनं वस्तू तापते, म्हणून उजळते.
वस्तुस्थिती : हे जुन्या पिवळ्या बल्बपुरतं खरं. त्याची टंगस्टनची तार सुमारे २५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. एलईडीत अशी तार नसते. असतो खसखशीएवढा स्फटिक. त्याच्या एका बाजूला जादा इलेक्ट्रॉन, दुसऱ्या बाजूला रिकाम्या जागा. वीज आली की इलेक्ट्रॉन त्या जागांत उतरतात आणि उतरताना सुटलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. एलईडीही गरम होतो, पण ती वाया गेलेली ऊर्जा.

गैरसमज : रंग वरच्या प्लास्टिकचा.
वस्तुस्थिती : रंग स्फटिकाचा पदार्थ ठरवतो. इलेक्ट्रॉनची उडी लहान असेल तर लाल, मोठी असेल तर निळा. लाल एलईडी १९६२ मध्ये आला. लख्ख निळ्यासाठी १९९०चं दशक उजाडलं. तो घडवणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं नोबेल मिळालं. घरातल्या पांढऱ्या बल्बमध्येही बहुधा निळाच एलईडी असतो. त्यावरच्या पिवळ्या लेपामुळे उजेड पांढरा होतो.

गैरसमज : हा शोध अलीकडचा.
वस्तुस्थिती : हेन्री राउंड यांनी १९०७ मध्येच सिलिकॉन कार्बाइडच्या स्फटिकाला वीज जोडून त्याला पिवळसर उजळताना पाहिलं. वर्कशॉपमध्ये कार्बाइडच्या टूलला धार लावणारं हिरवं चाक असतं ना, ते याच पदार्थाचं!

गैरसमज : चाकणला येणाऱ्या ट्रकांमागचं ‘रेडियम’ स्वतः चमकतं.
वस्तुस्थिती : त्यात ना वीज, ना रेडियम. हेडलाइटचा उजेड ती पट्टी आल्या वाटेनं परत पाठवते, एवढंच.

आता एक प्रयोग. टीव्हीच्या रिमोटचं टोक मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. अनेक मोबाइलवर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. तोही एलईडीच, त्याचा अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. प्रयोग एवढाच करा. घरातल्या प्लगमध्ये मात्र काहीही घालू नका.