इलेक्ट्रिक गिटार : बदल करण्यापूर्वी

भिवंडीतील यंत्रमागांची खडखड आपल्याला कानांनी ऐकू येते. पण मागांच्या मोटारी, विजेच्या वायरी आणि ट्यूबलाइटचे चोक यांच्याभोवती ५० हर्ट्झने बदलणारे चुंबकीय क्षेत्रही असते. ते आपल्याला जाणवत नाही, इलेक्ट्रिक गिटारला मात्र ‘ऐकू’ येते. समजा, अशा वस्तीतील एका विद्यार्थ्याने जुनी गिटार घेतली. अ‍ॅम्प्लिफायरमधून सुरांबरोबर ‘घूंऽऽ’ असा आवाज येऊ लागला की ‘पिकप बदलून टाक’ हा सल्ला लगेच मिळतो. परंतु नव्या पिकपसाठी कोरलेले लाकूड पुन्हा भरून येत नाही. म्हणून बदल करावा का, आणि कोणता, हे आधी भौतिकशास्त्रालाच विचारू.

पिकप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेले, केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. गिटारची पोलादी तार कंप पावली की या वेटोळ्यातील चुंबकीय क्षेत्र बदलते व विद्युत्दाब निर्माण होतो. फॅरडेने १८३१ साली दाखवलेले विद्युत्-चुंबकीय प्रवर्तन ते हेच. मात्र क्षेत्र तारेमुळे बदलले की मोटारीमुळे, हे वेटोळ्याला कळत नाही. हा आवाज गाळून टाकावा, तर त्यात ५० बरोबर १०० आणि १५० हर्ट्झही असतात, आणि गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर असतो सुमारे ८२ हर्ट्झ. आवाज गाळायला जावे, तर सूरही गाळला जाईल.

तेव्हा आधी दोन बिनखर्चाच्या चाचण्या करू. गिटार गळ्यात अडकवून जागच्या जागी सावकाश गोल फिरा. दिशेनुसार आवाज स्पष्टपणे कमी-जास्त झाला, तर तो चुंबकीय क्षेत्रातून येतो आहे. मग तारांना हात लावा. त्याने आवाज घटला, तर तो विद्युत् क्षेत्रातून येतो आहे. वादकाचे शरीर अँटेनासारखे वागते, आणि तारा आतून अर्थला जोडलेल्या असल्याने स्पर्श होताच त्याचा परिणाम कमी होतो.

दुसऱ्या प्रकारावर उपाय स्वस्त आहे : गिटारच्या पोकळीत आतून तांब्याची पातळ पट्टी चिकटवून ती अर्थला जोडावी. पहिल्या प्रकारावर ही पट्टी निरुपयोगी आहे. तेथे दोन वेटोळ्यांचा पिकप लागतो. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन्ही वेटोळी परस्परविरुद्ध दिशांनी गुंडाळलेली आणि चुंबकांचे ध्रुवही उलटे. बाहेरून आलेला आवाज दोघांत विरुद्ध चिन्हांचा होऊन वजा होतो. तारेचा संकेत मात्र दोनदा उलटा, म्हणजे सुलटाच होऊन, बेरजेत येतो. याची किंमत म्हणजे सुरांतील तीक्ष्णता थोडी कमी होते.

सूर बोथट वाटतो म्हणूनही पिकप बदलतात. येथे आकडेमोड करून पाहू. पिकपची प्रवर्तकता ३ हेन्री आणि ५ मीटर केबलची धारिता ५०० पिकोफॅरड धरली, तर अनुस्पंदन सुमारे ४१०० हर्ट्झला होते. केबल १० मीटर केली की धारिता दुप्पट होऊन ते २९०० हर्ट्झवर उतरते. म्हणजे गिटारला हात न लावता, नुसत्या आखूड केबलनेही सूर उजळू शकतो!

एक ‘उपाय’ मात्र कधीही करू नये. आवाज जावा म्हणून काही जण अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकतात. गिटारच्या तारा त्याच पिनेमार्फत अर्थला जोडलेल्या असतात. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बिघाड झाला, तर तारांत २३० व्होल्ट उतरू शकतात, आणि वादकाची बोटे तारांवरच असतात. १९७२ साली वेल्समधील स्वॉन्सी येथे लेस हार्वी हा गिटारवादक मंचावरच विजेच्या धक्क्याने मरण पावला. तेथील मायक्रोफोनला नीट अर्थिंग नव्हते.

मागावर ताणा वारंवार तुटू लागला, तर जाणता कारागीर आधी कारण शोधतो, मग पाना हाती घेतो. येथेही तोच क्रम ठेवावा : आधी चाचणी, मग पूर्ववत करता येईल असा बदल, तोही एका वेळी एकच. करवत सर्वांत शेवटी. आणि अर्थिंग कोणत्याही परिस्थितीत शाबूत.