काळोखीचा नाद

कांदा-लसणाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र 1998 मध्ये नाशिकहून राजगुरुनगरला आले, त्याला पाव शतक उलटून गेले. पहिले दशक एका ओळीत उरकते: केंद्र स्थिरावले, वाण निघाले, केंद्राचे संचालनालय झाले. कांद्याच्या पातीचे हाल झाले ते पुढच्या दशकात.

कांद्याचे पान पिकते तेव्हा घर आवरून चीजवस्तू पुढच्या घरी धाडावी तसे वागते. पानातल्या नत्राचा जवळपास तीन-चतुर्थांश भाग हरितलवकांत असतो आणि त्यात मोठा वाटा रुबिस्को या एकट्या विकराचा. वय झाले की प्रथिने तोडणारी विकरे रुबिस्कोचे तुकडे पाडतात. हरितलवकातले ग्लुटामिन सिंथेटेज ओसरते, पेशीद्रवातले त्याचे भावंड जोर धरते आणि मोकळ्या झालेल्या अमोनियाचे ग्लुटामिन बनवते. ते अन्नवाहिन्यांतून गड्ड्यात उतरते. पात पिवळी दिसते ती यामुळे.

निम्म्या माना पडल्या की कांदा काढणीला आला, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. संचालनालयाची शिफारसही पात पिकण्याच्या याच चालीची: थोडे नत्र लागणीला, उरलेले तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या दिवशी. त्यानंतर वरखत दिले की पात हिरवीच राहते, मान जाड होते आणि कांदा चाळीत सडतो.

सरकारने मात्र काळोखी, म्हणजे पातीचा गर्द हिरवा रंग, स्वस्त केली. 1 एप्रिल 2010 पासून अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आले आणि युरिया त्यातून वगळला. डीएपी, पोटॅशचे भाव दोन-तीन वर्षांत दुपटीहून वर गेले. युरिया जागचा फारसा हलला नाही. मग पिवळे पान दिसताच युरिया फेकणाऱ्याला अडाणी ठरवणे हा निव्वळ ढोंगीपणा. 2015 मध्ये युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा झाला. त्याने जमिनीत नत्राचे नायट्रेट होणे मंदावते, तेवढे श्रेय द्यावे. 2018 मध्ये गोणी 50 ची 45 किलो झाली. त्याने गोणी हलकी झाली.

अनुदान बदलले त्याच सुमारास, 2009 मध्ये, फोक्सवॅगनचा कारखाना राजगुरुनगरजवळच्या चाकणला सुरू झाला, पाठोपाठ महिंद्र आली. कांद्याची वावरे शेडखाली गेली. उरलेल्या वावरांतली तरुण पोरे शिफ्टला गेली आणि रोज बांधावरून पात निरखणारी नजर आटली. युरिया फेकायला नजर लागत नाही.

आजही ती गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते. अनुदानाचे हे गणित दिल्लीने बदलायला हवे. तोवर चाळीत कांदा भरणाऱ्यांनी पंचेचाळिसाव्या दिवसानंतर गोणीची शिवण उसवू नये.