लाकडी भट्टीच्या धुराड्याला कोणता पाइप?

नवी मुंबईतल्या एपीएमसी मार्केटसारख्या खाडीजवळच्या भागात उघड्यावरच्या लाकडी भट्टीला धुराडे बसवताना हात आधी जीआय पाइपकडे जातो. तो स्वस्त असतो, चकचकीतही. पण त्यावरचे जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते आणि लेप त्याच्या बराच आधी सुटू लागतो. भट्टीलगत धूर याहून तापू शकतो. वरच्या टोकाचे दुखणे उलटेच. तिथे धूर निवतो, ओल्या लाकडातली वाफ आणि आम्लयुक्त डांबर आतून साचते. बाहेरून खारी हवा आणि चार महिने पाऊस. म्हणून खालचा मीटरभर भाग तीन मिलिमीटर जाड साध्या लोखंडाचा आणि वरचा ३०४ स्टेनलेसचा घ्यावा. वरचा तुकडा खालच्याच्या आत बसवला की ओघळ बाहेर येत नाहीत.

स्टेनलेस महाग पडते, हा आक्षेप खराच. मात्र ते पातळ पत्र्याचे चालते, आणि गंजलेला पाइप बदलताना मजुरी पुन्हा द्यावी लागते. जुना सिमेंटचा पाइप फुकट मिळाला तरी नको. तो तापून तडकतो, शिवाय त्यात ॲस्बेस्टॉस असू शकते. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत इंधन बदलायला सांगितले. ते पाहता, धंद्याची भट्टी असेल तर पाइपाआधी महापालिकेत चौकशी करावी.