थंडावलेला अग्नी आणि ऊन पाण्याचे झरे

ज्वालामुखी म्हटला की धूर ओकणारा, शंकूच्या आकाराचा, दूर कोठल्या तरी बेटावरचा पर्वत आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. पहाटेच्या अंधारात अशा पर्वतावर चढून जावे, माथ्यावरून सूर्योदय पाहावा आणि खाली उतरून पायथ्याच्या ऊन पाण्यात दुखरे पाय शेकावेत, ही आवड अलीकडे आपल्याकडच्या प्रवाशांतही रुजू लागली आहे. बाली बेटावरचा बातूर पर्वत यासाठी फार प्रसिद्ध आहे. त्याची उंची १७१७ मीटर. लोक रात्रीच निघतात, दोन-अडीच तासांत माथा गाठतात, तेथे कपारींतून निघणारी वाफ पाहतात आणि उजाडल्यावर सरोवराकाठच्या कुंडांत उतरतात. त्या भाषेत पाण्याला ‘तोया’ म्हणतात. आपल्या ‘तोय’ शब्दाचेच हे सहोदर भावंड होय.

हे सारे ऐकून वणीकर श्रोता विचारील, “हे भाग्य आमच्या वाट्याला कोठून येणार?” आमचे उत्तर असे की, ते पिढ्यानपिढ्या आपल्या वाट्याला आलेलेच आहे, फक्त आपण त्याला वेगळ्या नावाने ओळखतो. रेणुकामातेच्या दर्शनाला माहूरला जाणारी, पहाटे दत्तशिखराची वाट चढणारी आणि पुढे पैनगंगेकाठी उनकेश्वरच्या कुंडात स्नान करणारी मंडळी आपल्या गावोगावी आहेत. माहूरचे डोंगर हे ज्वालामुखीच्या लाव्हाचेच बनलेले आहेत आणि उनकेश्वरचे पाणी निसर्गतःच ऊन आहे. तेव्हा डोंगर, सूर्योदय आणि ऊन पाणी ही तिन्ही आपल्याजवळ आहेत. मात्र बातूर आणि माहूर यांत एक मूलभूत भेद आहे. तो भेद नीट समजावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. कारण तो न समजल्यामुळे आपण आपल्या दगडाची, पाण्याची आणि प्रसंगी देहाचीही हानी करून घेतो.

प्रथम डोंगराचा विचार करू. बातूर हा जिवंत ज्वालामुखी आहे. १९२६ साली त्याच्या लाव्हाने पायथ्याचे बातूर गाव गिळले. मग गावकऱ्यांनी आपले देऊळ वरच्या कड्यावर नव्याने उभारले. माहूरच्या डोंगरांना मात्र असे मुख नाही. ते शोधू गेल्यास सापडायचे नाही, कारण आपल्याकडचा अग्नी एखाद्या शिखरातून उसळलाच नव्हता. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पश्चिम आणि मध्य भारतात भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हाचे पूर वाहिले. नदीचा पूर जसा सखल जागा भरीत जातो, तसेच हे पूर पसरत गेले. एक थर निवाला की काही काळाने दुसरा त्यावर येई. असे थरावर थर चढून सह्याद्रीकडे त्यांची जाडी दोन हजार मीटरच्या घरात गेली. झिजून झिजून आज उरलेला हा प्रदेशही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरांचा आहे. आंध्रातील राजमहेंद्रीजवळ याच लाव्हाचे जे थर आढळतात, ते पश्चिमेकडून जवळजवळ हजार किलोमीटर वाहत आले असावेत, असे भूशास्त्रज्ञांचे मत आहे.

भेगेतून होणारा उद्रेक कसा असतो, याचे उदाहरण माणसाने पाहिले आहे. १७८३ साली आइसलंडमध्ये लाकी येथे सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि ती आठ महिने धुमसत राहिली. विषारी वायूंनी गवत जळाले, गुरे मेली आणि मागून आलेल्या दुष्काळात त्या देशाचा सुमारे पाचवा हिस्सा माणसे मरण पावली. दख्खनच्या पुरांपुढे लाकी म्हणजे ओढ्याचे पाणी होय.

या थरांमुळे आपल्या डोंगरांना पायऱ्यांचे रूप आले आहे. कठीण थर कड्यासारखा उभा राहतो आणि मऊ थर झिजून सपाटी होते. स्वीडिश भाषेत पायरीला जो शब्द आहे, त्यावरूनच या खडकाला ‘ट्रॅप’ हे नाव पडले. माहूरची चढण चढताना लक्ष ठेवावे: दम लागणारी खडी वाट, मग विसाव्याची सपाटी, मग पुन्हा चढ. प्रत्येक टप्प्यावर आपण एकेका जुन्या पुराचा पृष्ठभाग ओलांडीत असतो. मध्येच कोठे विटकरी मातीचा पट्टा दिसला, तर दोन पुरांमधल्या विसाव्यात वरचा दगड कुजून झालेली ती माती असते. माहूरचे पांडवलेणे ज्या काळ्या दगडात कोरले आहे, तोही हाच.

इतके लांब जाण्याचीही गरज नाही. वणी–पांढरकवडा मार्गावरील शिबला-पारडी येथे २०२१ साली रस्त्याच्या खोदकामात दगडी खांबांची रास उघडी पडली. चंद्रपूरचे भूशास्त्र-अभ्यासक प्रा. सुरेश चोपणे यांनी हे लाव्हापासून बनलेले नैसर्गिक स्तंभ असल्याचे दाखवून दिले. असे खांब पाहून एखाद्या जुन्या मंदिराचा भास होणे स्वाभाविक आहे. त्यांच्या बाजू इतक्या रेखीव असतात की पाथरवटाने छिन्नी चालवली असेच वाटावे. पण त्यांचा कारागीर म्हणजे थंडी. उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानाला भेगा पडतात, त्या आठवाव्यात. माती सुकते, आकसते आणि पाच-सहा बाजूंच्या ढेपा तयार होतात. जाड लाव्हा निवतानाही तेच होते. तो आकसतो, पृष्ठभागावर भेगांचे जाळे उमटते आणि जसजशी थंडी आत शिरते तसतशा त्या भेगा खोल जाऊन खांब तयार होतात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावरचा प्रसिद्ध ‘राक्षसाचा बांध’ ही याच जातीची शिल्पे आहेत.

ती काळी माती तरी कोणाची? याच दगडाची. लाव्हा कुजून जी माती झाली, तीच ओल धरून ठेवणारी कपाशीची जमीन. वणीच्या बाजारात येणाऱ्या पांढऱ्या सोन्याच्या मुळाशी हा थंडावलेला अग्नी आहे, हे शेतकऱ्याला सांगितले तर तो हसेल. पण गोष्ट खरी आहे.

वणी मात्र या लाव्हाप्रदेशाच्या काठावर वसली आहे आणि म्हणूनच ती भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला पर्वणी वाटते. राजूरच्या चुनाभट्ट्यांना ज्या खडकाने काम दिले, तो चुनखडक शंभर कोटी वर्षांच्या आसपासचा किंवा त्याहूनही जुना आहे. आपल्या खाणींतला कोळसा पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या अरण्यांचा आहे. लाव्हा या सर्वांवर शेवटी पसरला. जेथे तो झिजून गेला, तेथे खालचा कोळसा आणि चुनखडक हाती लागला; जेथे टिकला, तेथे डोंगर आणि काळी जमीन राहिली. अशा तीन युगांच्या ठेवी एकाच तालुक्याच्या आसपास पाहावयास मिळणे हे थोडे नव्हे.

आता पाण्याकडे वळू. आपल्या पूर्वजांनी ही ठिकाणे नावांतच नोंदवून ठेविली आहेत. उनकेश्वर, जळगावकडील उनपदेव, कोकणातील उन्हवरे आणि उन्हाळे या नावांत ‘ऊन’ हा शब्द बसला आहे. यवतमाळ जिल्ह्यात कापेश्वर आणि आपल्या तालुक्यात कायर येथील झरेही याच कुळातले. डोंगर लाव्हाचा आणि झरा ऊन, म्हणजे डोंगराच्या पोटात अजून निखारा असणार, असा तर्क सहज केला जातो. बातूरच्या बाबतीत तो खरा आहे. तेथे वितळलेला खडक फार खोल नाही आणि त्याचाच ताप पाण्याला लागतो. आपल्याकडे हा तर्क खोटा ठरतो. सहा कोटी वर्षांत दख्खनचा लाव्हा कधीच निवून गेला आहे.

मग पाणी तापते कशाने? पृथ्वीच्या पोटातील नित्याच्या उष्णतेने. खाली जावे तसतशी उष्णता वाढते, हे भूमिगत कोळसाखाणीत उतरणाऱ्या कामगाराला पुस्तकाविना ठाऊक असते. सामान्यतः दर किलोमीटरला २५ ते ३० अंश अशी ही वाढ असते. उनकेश्वरचे पाणी सुमारे ४२ अंशांचे आहे. आपल्याकडे जमिनीलगतच्या पाण्याचे वर्षाचे सरासरी तापमान २७ अंशांच्या आसपास धरले, तर हे पाणी पंधरा अंशांनी अधिक ऊन झाले. म्हणजे ते निदान अर्धा-पाऊण किलोमीटर खोल जाऊन आले असले पाहिजे. आणि वर येताना ते थोडे निवते हे ध्यानात घेता, त्याहूनही अधिक खोल. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून मुरत जाते, खोलवर तापते आणि एखादी मोठी भेग सापडली की दाबाने वर येते. वाटेत खडकांतले क्षार आणि गंधकाची संयुगे ते बरोबर घेते, म्हणून त्याला तो विशिष्ट वास येतो. कोकणातील वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापूरपर्यंतच्या झऱ्यांची रांग अशाच खोल भेगांवर उभी आहे. डोंगर हे सरलेल्या अग्नीचे स्मारक आणि झरा हे पृथ्वीच्या चालू उष्णतेचे लक्षण. दोघे शेजारी आहेत, पण मायलेक नव्हेत.

विदर्भात याच प्रकारची आणखी एक गल्लत पुष्कळ काळ चालली होती. लोणारचे सरोवर हे ज्वालामुखीचे मुख, असे दीर्घकाळ मानले जाई. १९७३ च्या सुमारास झालेल्या संशोधनाने ते उल्कापाताचे विवर ठरले. भोवतीचा दगड ज्वालामुखीचा, म्हणून खड्डाही त्याचाच, हा तर्क तेथे फसला. येथेही तसेच आहे.

यातला व्यवहार असा की, ऊन झऱ्याच्या पाठीशी अक्षय निखारा नसून एक अरुंद, लांबलचक वाट आहे. ती वाट तुटली की झरा थंड होतो किंवा आटतो. जवळपास खोल कूपनलिका घेऊन अमर्याद उपसा केला, सुरुंगाने खडक हादरवला, तर ते पाणी दुसरीकडे वळू शकते. तसेच शिबल्याच्या खांबांचे. खडी करण्याच्या यंत्राला सहा कोटी वर्षांचा खांब आणि कालचा धोंडा यांत फरक कळत नाही. तो माणसालाच कळावा लागतो. कुंडात साबण न लावणे आणि खांबाचा तुकडा घरी न आणणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.

आता देहाचा प्रश्न. उनकेश्वरची कथा सर्वांना माहीत आहे: शरभंग ऋषींना कुष्ठरोग झाला आणि प्रभू रामचंद्रांनी बाण मारून ऊन पाणी काढले, त्या स्नानाने ऋषी बरे झाले. कथेतील करुणा आम्हांस वंद्य आहे. परंतु वर्धा नदी ओलांडली की वरोरा लागते आणि तेथे बाबा आमटे यांनी १९४९ साली आनंदवन उभे केले. त्याच्या शेजारी राहणाऱ्या आपणांस तरी हे स्पष्ट बोलले पाहिजे की, कुष्ठरोग हा जंतूचा विकार आहे. हान्सेन यांनी तो जंतू १८७३ सालीच दाखवून दिला आणि १९८० नंतरच्या दशकात प्रसृत झालेल्या बहुऔषधी उपचाराने हा रोग निश्चित बरा होतो. बधिर चट्टा दिसला असता झऱ्याच्या भरवशावर महिने काढणे म्हणजे हातापायांचे कायमचे नुकसान ओढवून घेणे होय. कारण मज्जातंतू एकदा गेले की औषधाने जंतू मरतात, पण गेलेली बोटे परत येत नाहीत. आधी दवाखाना, मग कुंड.

मग ऊन पाण्याचा गुण काहीच नाही काय? आहे. चढउतारानंतर ऊन पाण्यात बसले असता कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावतात, स्नायू सैल पडतात, आखडलेले सांधे मोकळे वाटतात. एवढे सुख खरे आहे आणि पुरेसे आहे. मात्र बेचाळीस अंश म्हणजे तापाने फणफणलेल्या अंगाहूनही अधिक. दहा-पंधरा मिनिटांहून जास्त बसू नये, डोके बुडवून नाकात पाणी घेऊ नये, हळूहळू उठावे आणि वर पाणी प्यावे. हृदयविकार किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी वैद्याला विचारावे. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी हाताने पाणी पाहिल्यावाचून पाय टाकू नये.

येत्या हिवाळ्यात माहूरला जाणे झाले, तर पहाटेच शिखराची वाट धरावी. सूर्य वर येऊन उन्हे तिरपी पडली की डोंगरांच्या आडव्या पायऱ्या सावल्यांनी स्पष्ट उठून दिसतात. त्या मुलांना मोजायला लावाव्यात आणि प्रत्येक पायरी हा एक गोठलेला पूर आहे, हे सांगावे. मग उनकेश्वरच्या पाण्यात हात घालून विचारावे, की हे ऊन कोणी केले? मुलाने “ज्वालामुखीने” असे म्हटले, तर कोळशाच्या खाणीत उतरणाऱ्या एखाद्या शेजाऱ्याकडे त्याला पाठवावे. खालच्या उष्म्याचे खरे उत्तर तो आपल्या घामावरून देईल.